टाचणीचे सोयरे

मंगळवार, ११ मार्च. सकाळी ढगाळ, दुपारनंतर लख्ख ऊन. पडदे धुतले, बैठकीच्या खोलीतला डावा पडदा दोन बोटे आटला. टाचणीने पाण्याची वाटी दोनदा रिकामी केली. दूध ठेवले ते तसेच. पोट दिसू लागले आहे. ग्रंथपालांना फोन करून एप्रिलचा दुसरा आठवडा कळवला. चालेल म्हणाले. कोणी आले नाही.

एवढे लिहून नोंदबाईंनी पेनाला टोपण लावले, पानावर टीपकागद दाबला आणि वही मिटली. वही मिटली की दिवस मिटला. लहानपणापासूनची सवय होती ती. कॉन्व्हेंटमधल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने लावलेली. जे घडले ते वहीत लिहा, जे वाटले ते प्रार्थनेत सांगा, असे सिस्टर सांगत. पुढे कधीतरी नोंदबाईंची प्रार्थना सुटली, वही मात्र सुटली नाही. त्यामुळे झाले काय, की जे वाटले ते सांगायला जागाच उरली नाही.

नोंदबाई हे नाव त्यांना कचेरीने दिले. एका मोठ्या कचेरीत तेहेतीस वर्षे त्या आवक-जावकच्या टेबलावर होत्या. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, कोणाकडून आला आणि कशाबद्दल आहे ते एका ओळीत उतरवायचे आणि कागद ज्याच्या त्याच्या टेबलाकडे पाठवायचा. कागदात कोणी रडलेले असो की शिव्या दिलेल्या असोत, नोंद झाली की तो कागद आपला राहत नाही. एका गृहस्थाचा एकच अर्ज सात वेळा आला, तेव्हा त्यांनी त्याला सात वेळा सुरेख अक्षरात क्रमांक दिला. उत्तर देणे हे दुसऱ्या टेबलाचे काम. कचेरीला आग लागली तर नोंदबाई आधी आगीला आवक क्रमांक देतील, मग जिना उतरतील, असे शिपाई त्यांच्या तोंडावर म्हणत, आणि त्याही हसत. त्यात खोटे काही नव्हते.

यजमान गेले त्या दिवसाची नोंदही अशीच होती. 'पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी हे गेले. हवा कोरडी. दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर सांगितले.' त्याला सहा वर्षे झाली. एकुलती एक लेक विमानाने जावे लागेल इतक्या लांब, तिचा फोन रविवारी. बाकी आठवडा दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची अरुंद गॅलरी.

त्या गॅलरीतूनच टाचणी आली. यजमान गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, दुपारी, भांडी घासताना. राखाडी रंगाची, अंगावर मांस म्हणून नाही, नुसती टाचणीसारखी सरळ आणि टोकदार. पोट तेवढे फुगलेले. ती कोणाचीही परवानगी न घेता आत शिरली, कपाटाच्या उघड्या राहिलेल्या खालच्या खणात चढली आणि यजमानांच्या स्वेटरांवर तिने तीन पिल्ले घातली. नोंदबाई चमचा हातात धरून उभ्याच राहिल्या. मग वही काढून त्यांनी वेळ लिहिली.

पिल्ले दीड-दोन महिन्यांची झाली आणि प्रश्न आला, द्यायची कोणाला. नोंदबाईंनी वाण्याच्या दुकानात चिठ्ठी लावली. आणि मग एक नवलच घडले. घराची घंटा वाजू लागली. ज्या घरात मीटर बघायला येणाऱ्याखेरीज कोणी फिरकत नव्हते, तिथे माणसे येऊन खुर्च्यांवर बसू लागली. चहा होऊ लागला. कोणी मुलांना घेऊन येई, कोणी सासूला. नोंदबाई समोर वही ठेवून विचारत, घरी कोण कोण आहे, खिडक्यांना गज आहेत का, सुट्टीत गावाला जाल तेव्हा पिल्लू कोणाकडे ठेवाल. मुलगी द्यायची तशी चौकशी. आणि अट एकच, महिन्याने मी एकदा येऊन पाहून जाईन.

तळमजल्यावर घड्याळ दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, बायको गेलेले, बोलायला मिस्कील. पहिल्या तिघांतला एक बोका त्यांनीच नेला आणि त्याचे नाव लंबक ठेवले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर ते म्हणाले, "काय विहीणबाई, पोराची आठवण येते की नाही?" तेव्हापासून पिल्लू नेणारी सगळी घरे सोयरे झाली, घड्याळवाले व्याही झाले आणि टाचणी थोरल्या विहीणबाई. पाच वर्षांत थोरल्या विहीणबाई नऊ वेळा व्याल्या. एकतीस पिल्ले. चार गेली, सत्तावीस दिली. वहीच्या शेवटच्या पानांवर नोंदबाईंनी त्यांची वेगळी यादी केली होती. वर अक्षर घोटून लिहिले होते, 'जावक'.

महिन्याने त्या खरोखरच जात. इस्त्रीचे कपडे, हातात बिस्किटांचा पुडा. सोयरे बसायला खुर्ची देत, पिल्लू दाखवत, चहा देत. नोंदबाई पाऊण तास बसत आणि निघताना म्हणत, या एकदा तुम्हीही. सोयरे म्हणत, हो हो, येऊ की. येत कोणी नसे. त्यांचा तरी काय दोष, मांजर मिळाले होते, काम झाले होते. मग पुढच्या वेतापर्यंत घंटा पुन्हा मुकी.

हळूहळू नोंदबाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली. ती त्यांनी लिहूनही ठेवली. बहुतेक सगळ्या सोयऱ्यांनी आपापल्या मांजराचे ऑपरेशन करून घेतले होते. लंबकाचे सहाव्या महिन्यात झाले. तो दुकानाच्या काचेमागे घड्याळांच्या रांगेत दिवसभर पसरलेला असे, कोणाशी भांडण नाही, भिंतींवर घाण वासाचे फवारे मारणे नाही, रस्त्यापलीकडे जायची ओढ नाही. थोडा सुटला होता एवढेच. घड्याळवाले म्हणत, हा आता माझ्यासारखा झालाय, जेवण आणि झोप. त्याच वेताचा दुसरा बोका बेकरीवाल्यांकडे होता. त्यांनी ऑपरेशन केले नाही. पुरुषाच्या जातीला कशाला छळायचे, असे त्यांचे म्हणणे. तो आठ-आठ दिवस बेपत्ता असायचा, कान फाटून यायचा, एकदा मानेवर पू धरून आला. तिसऱ्या वर्षी गेला तो आलाच नाही.

आणि ज्या घरून ही पिल्ले गेली, त्या घरी मात्र वेतामागून वेत चालूच.

कोपऱ्यावर, इस्त्रीवाल्याच्या शेजारी, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. वयाने लेकीएवढ्या, बोलायला स्पष्ट. टाचणीला लस टोचायला नेले तेव्हा त्यांनी सांगितले होते की आता पुरे. दरवेळी विणे आणि पाजणे यात हिची हाडे निघाली आहेत. पिशवीला सूज येण्याचा, आचळात गाठी होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. खरे तर पहिल्यांदा माजावर येण्याआधीच करायला हवे होते, पण अजून वेळ गेलेली नाही. एकदा तरी विऊ द्यावे लागते असे लोक म्हणतात, त्यात तथ्य नाही. आणि हिने तर नऊदा भागवून घेतले आहे. नोंदबाईंनी मान डोलावली. घरी येऊन लिहिले, 'डॉ. बाईंनी नसबंदीचे सुचवले.' सहा महिन्यांनी पुन्हा तेच. 'डॉ. बाईंनी पुन्हा सुचवले.' लेकीने फोनवर सांगितले, तेही लिहिले. तीन नोंदी झाल्या, तारखांसह. कागद पुढच्या टेबलाकडे गेला. पुढचे टेबल कुठे होते, हे त्यांनी स्वतःला कधी विचारले नाही.

विचारले असते तर उत्तर द्यावे लागले असते, की पिल्ले थांबली तर घंटा थांबेल.

गुरुवारी, तेरा तारखेला, टाचणी उठून पाण्याच्या वाटीपर्यंत गेली आणि प्यायचे सोडून तिथेच बसली. वाटीच्या काठावर हनुवटी टेकून. नोंदबाईंनी हाक मारली तर कान हलला, मान नाही. शुक्रवारी सकाळी तिला उचलले तेव्हा पोट टम्म होते आणि बाकीचे अंग पाच वर्षांपूर्वी आली होती तेव्हाएवढे हलके.  त्यांनी तिला झाकणाच्या टोपलीत ठेवले, वही पिशवीत टाकली आणि कोपऱ्यापर्यंतचा रस्ता टोपली छातीशी धरून काटला.

डॉक्टरीणबाईंनी टाचणीच्या हिरड्या पाहिल्या, ताप पाहिला, पोटावर हलका हात ठेवला आणि विचारले की हे कधीपासून.

या प्रश्नाला नोंदबाईंकडे उत्तर होते. त्यांनी चष्मा चढवला, वही काढली आणि कचेरीत साहेबांना वाचून दाखवत तशी वाचायला लागल्या. सहा फेब्रुवारी, गुरुवार, टाचणी अस्वस्थ, जमिनीवर लोळते, गॅलरीत करडा बोका. दोन मार्च, रविवार, पाणी जास्त पिते. पाच मार्च, बुधवार, अर्धे जेवण टाकले, सारखी मागे चाटते. आठ मार्च, शनिवार, सकाळी उलटी, अंग गरम लागले. अकरा मार्च, मंगळवार, पोट दिसू लागले आहे. आवाज खणखणीत होता. एकही तारीख चुकली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला.

"आजी, थांबा. आख्खा आजार लिहिलाय तुम्ही. माझ्याकडे येणारे लोक म्हणतात, कालपर्यंत ठणठणीत होती. तुम्ही तर तारीखवार लिहिलंय. मग आणलं का नाहीत?"

नोंदबाईंनी वहीकडे पाहिले. तेच अक्षर, तीच शाई. पण आपण हे लिहिले तेव्हा वाचले नव्हते, एवढे त्यांना त्या क्षणी कळले.

"पिल्लं आहेत असं वाटलं," त्या म्हणाल्या.

"पिल्लं नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. करड्या पडद्यावर काळ्या पिशव्या दिसत होत्या, एकाशेजारी एक, फुगलेल्या. हा सगळा पू आहे, त्यांनी समजावले. माज येऊन गेला की तीन-चार आठवड्यांनी गर्भाशयात असा जंतुसंसर्ग होतो, आणि तोंड बंद असले तर बाहेर काहीच येत नाही, नुसते पोट वाढते. विष अंगात भिनते म्हणून ती पाणी पीत होती. आता उपाय एकच, तेच ऑपरेशन, गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकणे. धडधाकट मांजरीचे असते तर अर्ध्या तासाचे काम आणि दुसऱ्या दिवशी उड्या. हिची मात्र खात्री देता येत नाही, आधी सलाइन लावून बघते. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच नोंदबाईंना जास्त लागले.

संमतीचा कागद भरायचा होता. नोंदबाईंनी तो नेहमीसारखा नीट भरला. शेवटी एक रकाना होता, तुम्ही न सापडल्यास कोणाला कळवावे. पेन थांबले. लेक परदेशात, तिथे ती झोपलेली असणार. त्यांनी वहीची मागची पाने उघडली. सत्तावीस घरे, सत्तावीस फोन. शिक्षिका, बेकरीवाले, दंतवैद्य, दोघी बहिणी शिवणवाल्या, ग्रंथपालांच्या भावजय. बोट खाली-खाली जात राहिले. अशा दुपारी ज्याचा नंबर द्यावा असा एकही मिळेना. कोणी वाईट होते असे नाही. पण सोयरीक टाचणीची होती, आपली नव्हती.

त्यांनी रकान्यात स्वतःच्याच घरचा नंबर लिहिला, जिथे उचलायला कोणी नव्हते.

मग बाकड्यावर बसल्या. समोर एक माणूस पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसला होता. तो उठून गेला. एक बाई कुत्र्याला घेऊन आल्या आणि गेल्या. नोंदबाईंनी वही उघडली, 'शुक्रवार, १४ मार्च' एवढे लिहिले आणि पुढे काही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा असे झाले. पोट पाहून आपण फसलो, हे त्यांनी स्वतःला दोन-तीनदा सांगून पाहिले. पण ते खरे नव्हते. नऊ वेळा वेत पाहिलेली बाई पिल्लांचे पोट ओळखत नाही असे कसे होईल? विणारी टाचणी खायला उठता-बसता मागायची, ही तोंड फिरवत होती. तेव्हा मांडीवर घेतली की पोटात पिल्ले हलायची, ह्या पोटात काही हलले नव्हते. ते कळत होते. पण ग्रंथपालांना फोन करायला निमित्त हवे होते, म्हणून त्या पोटाला त्यांनी पिल्ले म्हटले.

सव्वाचारला डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. ऑपरेशन झाले होते. आत दोन मुठींत मावेल एवढा पू निघाला होता. श्वास बरा होता, पण दोन दिवस इथेच ठेवावे लागणार होते. बघता येईल का, असे नोंदबाईंनी विचारले. टाचणी पत्र्याच्या टेबलावर गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये आडवी होती, पोटाचे केस काढलेले, जीभ बाहेर. नोंदबाईंनी तिच्या पंजाला बोट लावले. पंजा गार होता.

घरी जाताना टोपली रिकामी होती, आणि रिकामी टोपली भरल्या टोपलीपेक्षा हाताला जड लागत होती. घड्याळवाले दुकानात डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी भिंग काढले आणि टोपलीकडे पाहिले. नोंदबाई जिना चढून गेल्या.

टाचणी वाचली. रविवारी घरी आली ती गळ्यात फडक्याची झालर बांधून, टाके चाटू नयेत म्हणून. पहिल्या दिवशी भिंतींवर आपटत होती, तिसऱ्या दिवशी झालरीसकट बशीत तोंड घालायला शिकली. लेकीचा फोन आला तेव्हा नोंदबाईंनी सगळे सांगितले, वहीचेही.  मग लेक म्हणाली, "आई, अगं माझी ती बडबडसुद्धा तू लिहूनच ठेवलीस ना?" नोंदबाई हो म्हणाल्या. लेक रागावली असती तर बरे वाटले असते. तिने विषय बदलला आणि हवा कशी आहे ते विचारले.

पिल्लू सांगून ठेवलेल्या दोन ठिकाणी फोन करायचे राहिले होते. ग्रंथपाल म्हणाले, बरं बरं, मग दुसरीकडे बघतो. टाचणीचे त्यांनी विचारले नाही, आणि त्यांनी का विचारावे, त्यांनी तिला पाहिलेही नव्हते. दुसरा फोन एका नर्सबाईंना. त्यांनी आजार नीट ऐकून घेतला, टाके कधी काढणार ते विचारले, आणि मग त्यांची ड्युटीची वेळ झाली.

त्या आठवड्यात नोंदबाईंनी एक नवे काम सुरू केले. दिवसाची नोंद झाली की मागची सात पाने वाचायची. टाचणीसाठीच, दुसरे काही दडून राहू नये म्हणून. टाचणीचे काही निघाले नाही. पण प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांच्याच अक्षरात तीच तीन शब्दांची ओळ होती, 'कोणी आले नाही.' सात पाने, सात वेळा. मग त्यांनी आणखी मागे पाहिले, फेब्रुवारी, जानेवारी. त्या अर्जदार गृहस्थासारखे कोणीतरी पुन्हा पुन्हा तेच लिहून पाठवत होते, आणि नोंदबाई प्रत्येक वेळी क्रमांक घालत होत्या. त्यांनी वही मिटली. या बाबतीत काय करायचे ते त्यांना कळले नाही, आणि खोटे कशाला सांगा, अजूनही कळलेले नाही.

बुधवारी, सव्वीस तारखेला, टाके निघाले. जखम स्वच्छ भरली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावले की आता माज नाही, ओरडणे नाही, बोक्यांची रांग नाही, पण भूक वाढेल आणि अंगाला कमी लागेल. लाड कराल तर उशी होईल तिची. मोजून द्या.

दुपारी चारला घंटा वाजली. नोंदबाईंना क्षणभर वाटले, चुकून दुसऱ्यांची. दारात घड्याळवाले होते, कामाचा ॲप्रन तसाच अंगावर, हात मागे बांधलेले.

"थोरल्या विहीणबाई आजारी होत्या असं कळलं. म्हटलं, व्याह्याने समाचाराला यायला नको का?"

"या ना. बसा."

ते खुर्चीच्या टोकावर बसले. टाचणी कपाटाखालून बाहेर आली, त्यांचा बूट हुंगला आणि परत गेली. लंबकाचे बरे आहे, त्यांनी सांगितले. मग खोलीत पाहायला फारसे काही नसल्यामुळे त्यांनी भिंतीवरचे घड्याळ पाहिले, ते चार मिनिटे पुढे आहे म्हणाले, आणि उठून मागे लावले. नोंदबाईंनी चहा विचारला. दुकान उघडे टाकून आलोय, ते म्हणाले, आणि दाराशी थांबले.

"आता पिल्लं नाहीत म्हणजे विहीणबाई खाली यायच्या बंद होणार."

"मी कधी येत होते खाली? एकदाच आले. पाच वर्षांपूर्वी."

"तेच म्हणतोय," घड्याळवाले म्हणाले आणि जिना उतरून गेले.

नोंदबाई दाराला हात लावून उभ्या राहिल्या. खाली जावे का, उद्या जावे का, जायला काय निमित्त काढावे, याचा त्यांनी बराच विचार केला. लंबकाला पाहायला म्हणावे तर पाहून झालेला. ठरले काहीच नाही. टाचणी त्यांचे पाय न बघता ओलांडून बशीकडे गेली आणि रिकाम्या बशीसमोर बसून ओरडली, जुने ते गळा काढणे नाही, साधी भुकेची म्याव.

त्यांनी स्वयंपाकघरातला एक चमचा वेगळा काढला, कागदाची पट्टी कापली आणि उजेड होता तोवर वही उघडली. दिवसाच्या नोंदीत टाके निघाल्याचे लिहिले, घड्याळ चार मिनिटे मागे लावल्याचे लिहिले. शेवटची ओळ अशी होती:

'टाचणीच्या खाण्याच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली: सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन. चमचा डब्यातच ठेवला आहे.'